दैव पाचवं

30 जानेवारी 2022, रविवार. दुपारची जेवणं उरकली होती. तांब्याला मोबाईल टेकवून मी मेथीची जुडी सोडली आणि मॅच बघत बसले. पुण्यात बालेवाडीला महिलांच्या आशिया चषकाची उपांत्यपूर्व लढत चालली होती, ऑस्ट्रेलिया विरुद्ध दक्षिण कोरिया. शिरूरहून बालेवाडी म्हणजे वाघोलीचं ट्रॅफिक धरून दोन-अडीच तास. आयुष्यभर पोरींना फुटबॉल शिकवला, आणि एवढी मोठी स्पर्धा दारात आली तेव्हा ती तांब्याला टेकवून बघायची वेळ आली, कारण करोनामुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणाऱ्या पोरींच्या हाका मोबाईलवरसुद्धा स्पष्ट ऐकू येत होत्या.

त्याआधी नऊच दिवस, 21 तारखेला, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियावर 18 गोल चढवले होते. कर्णधार सॅम करचे एकटीचे 5. त्या पाचांनी तिची बेरीज 54 वर गेली आणि टिम केहिलचा 50 गोलांचा विक्रम मागे पडला. ऑस्ट्रेलियाकडून खेळताना इतके गोल तोवर कुणीच केले नव्हते, बाईनं नाही आणि पुरुषानंही नाही. ते ऐकून आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता. म्हणाले, "काय मेहनत असेल पोरीची!"

बालेवाडीत मात्र तिच्याकडून गोल होईना. कोरियानं पेनल्टी बारवरून घालवली तेव्हा मला वाटलं, आता ही सुटली. पण 87व्या मिनिटाला जी सो-युननं लांबून असा चेंडू मारला की गोलकीपर नुसती हवेत राहिली. जी सो-युन म्हणजे चेल्सी क्लबात सॅमच्याच शेजारी खेळणारी. एक-शून्य. ऑस्ट्रेलिया घरी. हे मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "नशीब. दुसरं काय."

माझ्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. नऊ दिवसांपूर्वी मेहनत होती, आज नशीब झालं. पोरगी तीच, पाय तेच.

ह्यांना दोष देत नाही. हा हिशेब आपल्याकडे घरोघर असाच चालतो. जमा झालं की कर्त्याच्या खात्यावर, खर्च पडला की दैवाच्या. आणि जी मैदानापर्यंत पोचतच नाही तिच्या खात्याला जमेची बाजूच नसते, सगळं दैवच. मोठ्या खेळाडूंच्या कारकिर्दीतले मैलाचे दगड पेपरात छापतात, अमुक साली अमुक गोल. ते वाचताना मला नेहमी वाटतं, की दगड मोजणाऱ्यानं रस्ता कुणी केला हे विचारलेलं नाही. हा विचार माझा नाही, बाबांचा आहे. ते दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते.

दौंड जंक्शन ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. पुण्याकडून येऊन मनमाडला जाणाऱ्या गाडीचं इंजिन तिथं एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. आता बाहेरून जोडमार्ग झाला, तेव्हा नव्हता. झोपेतून जागा झालेला प्रवासी हमखास दचकायचा, "अहो, गाडी मागं चालली!" बाबा कंदील घेऊन तिथंच उभे असायचे. म्हणायचे, "मागं नाय, नगरला चालली. झोपा." ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी पॉइंट चुकीचा लागला तर मनमाडची गाडी सोलापूरला जाईल, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. पॉइंट्समनचं नाव पेपरात कधी येतं? अपघात झाला की.

आमच्या चाळीच्या पलीकडे कौलारू क्वार्टर्समध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायची. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशी माणसं. रविवारी चर्चला जाताना कडक इस्त्री, आणि संध्याकाळी मैदानात त्यांची मुलं हॉकी नाहीतर फुटबॉल खेळायची. मी आठ-दहा वर्षांची, रेषेबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचं काम माझं. हातानं आणून द्यायचे. एकदा शेजारच्या आँटीनं ओरडून सांगितलं, "हात नही, पाँव से मारो!" आयुष्यात मला पायानं काही करायला सांगणारी ती पहिली बाई. तोपर्यंत पाय म्हणजे धुवायचे, पोटाशी घ्यायचे, वडीलधाऱ्यांच्या अंगाला लागू द्यायचे नाहीत. पुस्तकाला लागला तर पाया पडायचं. चेंडूला पाय मारला आणि मी सवयीनं वाकून चेंडूच्या पाया पडले. पोरं लोळली हसून.

1972 च्या सुमारास आँटीचं बिऱ्हाड ऑस्ट्रेलियाला गेलं, पर्थला. पत्र्याच्या पेट्या प्लॅटफॉर्मवर ओळीनं मांडलेल्या मला आठवतात. जाताना तिनं आपल्या मुलीचे कॅन्व्हासचे बूट मला दिले, पुढं कापूस कोंबून वापरायला. सॅम करचा जन्म 1993 चा, त्याच पर्थ शहराच्या ईस्ट फ्रिमँटल भागातला. तिच्या वडिलांचा जन्म कोलकात्याचा आणि आजीकडचं घराणं अँग्लो-इंडियन. आँटीशी तिचं नातं मी जोडत नाही. कोलकाता कुठं आणि दौंड कुठं. पण अंधेरीत तिनं गोल मारला तेव्हा कापसाचा तो बोळा माझ्या अंगठ्याला लागला, एवढं खरं.

बाबा माळकरी. तुकोबांची पालखी यवत-वरवंडला असली की रजा टाकून जायचे. किती वाऱ्या झाल्या असं कुणी विचारलं तर त्यांना राग यायचा. "वारी काय पगार आहे का, मोजायला?" सप्ताहात मात्र मला पुढं बसवायचे. एका वर्षी बुवांनी अठरावा अध्याय लावला होता. गीतेत तिथं सांगितलंय, की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. आणि एवढी पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता धरतो, त्याला नीट दिसत नाही. ज्ञानेश्वरीत हे फोडून सांगितलंय. अधिष्ठान म्हणजे देह. कर्ता म्हणजे त्यात बसलेला जीव. करण म्हणजे इंद्रियं, हत्यारं म्हणा. चेष्टा म्हणजे प्राणाची हालचाल, थट्टा नव्हे. शब्दाचं पुढं आपण काय करून ठेवलं बघा, पोरगी हाफ पँट घालून पळायला लागली की गाव करतं ती चेष्टा, आणि ती पळते ती मात्र नाही. आणि दैव?

इथं बुवा थांबले आणि समोर बसलेल्या बायकांना म्हणाले, दैव म्हणजे सटवाईनं पाचवीला कपाळावर लिहून ठेवलेलं नव्हे. इथं दैव म्हणजे देवता. एकेका इंद्रियामागं एकेक देवता बसलेली, ती बळ देते. डोळ्याला सूर्य, हाताला इंद्र. मी हळूच बाबांना विचारलं, पायाला कोण? त्यांनी पुढं वाकून बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, विष्णू. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मला बक्षीस लागलंय. पंढरीचा तर दोन्ही पाय विटेवर सारखे जुळवून उभाच आहे, आणि पालखीतही मूर्ती नसते, पादुका असतात.

पुढं शिरूरला सून म्हणून आले, शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. खो-खो, कबड्डीच्या मुलखात फुटबॉल आणला तो दौंडच्या खोडीनं. मुरमाचं मैदान, फक्कीची रेघ, बाभळीचे काटे, आणि गोलपोस्टच्या जागी विटांचे दोन ढीग. चेंडूचं पंक्चर सायकलवाला काढून द्यायचा. आणि तिथं मी तीस वर्षं ते दैव ऐकलं जे बुवांनी नव्हे म्हणून सांगितलं होतं. "मॅडम, तिच्या नशिबात नाही खेळ." पोरीचं लग्न ठरलं, नशीब. बारावीला बसवली नाही, नशीब. दारिद्र्य पाचवीला पुजलेलं, असं तर आपण म्हणतोच. गीतेनं दैव पाचवं ठेवलं, आम्ही पाचवीच्या रात्रीच ते पहिलं करून टाकलं.

उलट्या बाजूनं पेपरवाले. त्यांच्याकडे सॅम कर म्हणजे फक्त कर्ता. पंधराव्या वर्षी, 2009 साली, देशाकडून पहिली मॅच. 2010 ला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात गोल. इंग्लंडच्या लीगमध्ये लागोपाठ दोन मोसम सगळ्यांत जास्त गोल. गोल मारला की मागं उलटी कोलांटी. सगळे मैलाचे दगड तिच्या एकटीच्या पायाखालचे. पण तिचे वडील आणि थोरला भाऊ, दोघंही त्यांच्याकडच्या त्या अंडाकृती चेंडूच्या खेळातले व्यावसायिक खेळाडू. तीही बारा वर्षांची होईपर्यंत मुलांच्या बरोबरीनं तोच खेळ खेळायची. मग नियम आडवा आला, मुलगी म्हणून पुढं खेळता येईना, तेव्हा फुटबॉल. ज्या घरात सगळे तोच खेळ खेळतात तिथं त्या पोरीला त्या दिवशी काय वाटलं असेल? गाडी मागं चालली. इंजिन दुसऱ्या टोकाला लागलंय हे डब्यात बसलेल्याला कसं कळणार? पण लागायला इंजिन होतं, रूळ होते, कंदील धरून उभं राहणारं कुणी तरी होतं. माझ्या पोरींच्या बाबतीत नुसतं पहिलं इंजिन काढून नेत असत.

आणि अधिष्ठान, देह! 2023 चा विश्वचषक तिच्या देशात, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी पोटरी दुखावली. गटातले सामने तिनं खेळाडूंच्या बाकावरून बघितले. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध उतरली आणि पंचवीस यार्डांवरून तो गोल मारला, जो बघून मी घरात एकटीच उभी राहिले. तरी संघ 3-1 हरला. 2024 च्या जानेवारीत सरावात गुडघा गेला आणि पॅरिस ऑलिंपिक बुडालं. कर्ता तोच होता, मेहनत तीच. देहानं नाही म्हटलं.

आपल्या पोरींचं तर त्याच आशिया चषकात काय झालं! इराणशी शून्य-शून्य बरोबरी केली आणि 23 जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तैवानशी खेळायचं होतं. करोनानं इतक्या जणी झोपवल्या की नियमाला लागणाऱ्या 13 खेळाडू उभ्या राहीनात. मॅच रद्द, संघ स्पर्धेतून बाद, यजमान देश आपल्याच मांडवातून बाहेर. याला मी दैव म्हणायला तयार आहे. पण पाचवं. आधी चारांची चौकशी करून मग.

एक गोष्ट मात्र मला बुवांना विचारायची राहिली. कर्तेपणाचा अहंकार सोडा म्हणतात ते ठीक, पण सोडायला आधी हातात यायला नको का? सॅम करला कुणी सांगितलं, की बाई गं, हे गोल तुझे एकटीचे नाहीत, तर ती समजून घेईल. तिच्याकडे गोल आहेत. माझ्या पोरींना एकही गोल नावावर लागायच्या आत निरहंकार शिकवतात. फळावर हक्क नाही असं गीता सांगते, पण त्याच्या आधी कर्मावर हक्क आहे असंही सांगते; आमच्या घराघरांत फळाचं वाक्य पोरींना आणि कर्माचं पोरांना वाटून दिलेलं असतं. बाबा मोजायचे नाहीत, कारण वारीला जायला त्यांना कुणी अडवत नव्हतं. आईनं मात्र आपल्या वाऱ्या मोजल्या होत्या. दोन.

घोड नदीच्या काठच्या एका वस्तीवरनं एक पोरगी यायची. नाव सांगत नाही. आता तिची मुलं शाळेत आहेत. चेंडू तिच्या पायाला चिकटायचा. मुरमात अनवाणी असं वळायची की समोरचीच्या चपला निसटायच्या. एकदा इतिहासाचे सर वर्गाला इनामगावच्या पांढरीवर घेऊन गेले, मी सोबत. तिथं डेक्कन कॉलेजनं बारा-पंधरा वर्षं उत्खनन केलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी आपली माणसं घरातल्या जमिनीखाली पुरायचे, आणि मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखाली पाय तोडायचे. मेलेलं माणूस घर सोडून चालत जाऊ नये म्हणून असावं, असं सर म्हणाले. सगळ्या पोरी शहारल्या. ही तेवढी आपल्या पायांकडे बघत म्हणाली, "सर, जित्याचे नाय ना तोडत?" सर हसले. मी हसले की नाही, आठवत नाही.

2004 सालची संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले असतील. पुण्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती, सकाळी आठला. तिच्या वस्तीवरून पहिली एसटी धरली तरी शिरूरला यायला साडेसात, पुढं पुणं गाठायला साडेनऊ. आदल्या रात्री ती शिरूरला मुक्कामाला यायला हवी होती, म्हणजे पहाटेची गाडी मिळाली असती. आमचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर. तिनं विचारलंही होतं, "बाई, राती तुमच्याकडं येऊ का?" त्या संध्याकाळी घरात हळदीकुंकू होतं. वाण आणलेलं, तिळगूळ वळायचा राहिलेला, सासूबाईंच्या साठ-सत्तर बायका. मी म्हणाले, "सकाळीच ये गं, होईल काही तरी."

सकाळी ती गेली. एकटी, दोन गाड्या बदलून, माझ्या जुन्या बुटांत कापूस घालून. पोचली तेव्हा यादी झाली होती. तिथल्या माणसानं नावं वर गेल्याचं सांगितलं आणि ती उलट्या गाडीनं परत आली. बारावी झाली, लग्न झालं. दोन-तीन वर्षांनी बाजारात भेटली तर पायात जोडवी, कडेवर मूल. पाया पडायला वाकली, मी खांद्याला धरून उभं केलं.

बालेवाडीची मॅच संपली त्या संध्याकाळी मी पोटमाळ्यावरची ट्रंक काढली. त्यात माझं स्वतःचं क्रीडा रजिस्टर होतं, शाळेचं नव्हे, माझ्या पोरींचं मी ठेवलेलं. 2004 चं पान निघालं. तिच्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं, माझ्याच वळणदार अक्षरात: नशिबाने साथ दिली नाही.

चष्मा लावला आणि त्या पानाच्या कोऱ्या भागात पाच रकाने आखले. अधिष्ठान: देह उत्तम, मैदान मुरमाचं. कर्ता: तिचं नाव, वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहिलं. करण: पाय अनवाणी असताना सर्वांत चांगले, बूट एक नंबर मोठे. चेष्टा: पहाटे चारला उठली, एकटी निघाली, दोन एसट्या, साडेनऊला हजर. लिहिता लिहिता अर्धं पान भरलं.

पाचव्या रकान्यापाशी पेन थांबलं. खालून ह्यांनी हाक मारली, चहा निवतोय म्हणून. मी लाल शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि पाचव्याच्या खाली लिहिलं: आदल्या रात्री बाईंच्या घरी हळदीकुंकू होतं.